चार वाजताची बॉक्सिंग

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

चि. सौ. दिपालीस,

सासूचा आशीर्वाद. भूमिकाला माझा एक पापा दे, दोन मागितले तर दोन दे.

इकडे आम्ही दोघं ठीक. ऊन असं तापलंय की अकरानंतर कॉलनीत कुत्रंही फिरकत नाही. कारखान्याचं गळीत संपलं, त्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडत नाही, तेवढंच सुख. कुरडया करून झाल्या. एक डबा सोबत आहे, वरचा थर जरा मोडका निघेल.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन यांच्या उशाशी असतो आणि बोलणं स्पीकरवर. नथ्थू शनिवारी केळीची गाडी घेऊन सुरतेला येतो, त्याच्या हाती देते आहे. नवनीत कामावर गेला की वाच.

सुट्टीत भूमिकाला महिनाभर आमच्याकडे ठेवू का, असं तू विचारलंस. आखाजीच्या सणाला तू नवापूरला माहेरी जाशील, तेवढाच तुला मोकळा श्वास. मी नुसतं "बघू" म्हटलं. तुला राग आला असणार, आजीला नातीचं ओझं होतं असंही वाटलं असेल. तसं नाही गं. उत्तर आहे माझ्याकडे, पण त्याआधी तुझ्या सासऱ्यांच्या हाताबद्दल लिहायला हवं.

हात बरा आहे. खांद्याच्या वर जातो. शहाद्याचे व्यायामाचे डॉक्टर म्हणाले, "काकू, लकव्याच्या माणसाकडून घरचे इतकं करून घेत नाहीत, तुम्ही कमाल केली." त्यांनी माझा फोटो काढला आणि त्यांच्या ग्रुपवर टाकला. नवनीतने तो बघून पेढे वाटले म्हणे. फोटोत मी डोक्यावर पदर घेऊन उभी आहे, अगदी सावित्री.

आता खरं सांगते.

संक्रांतीला तुम्ही तो टीव्हीवरचा खेळ आणलात. हातात पांढरी दांडी धरायची, हात हलवला की पडद्यावरचं बाहुलं हलतं. भूमिकाने आमची बाहुली बनवली, यांना मिशी, मला लाल झगा, कारण त्यात साडीच नव्हती. सगळे मिळून चेंडू घरंगळवायचा खेळ खेळलो, किती हसलो. जाताना तू म्हणालीस, "आई, रोज अर्धा तास बाबांना हाच खेळ द्या. हळूहळू, न थकवता."

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चेंडूचा खेळ बंद केला आणि बॉक्सिंग लावलं.

त्यांच्या बोटांना दांडी धरवत नव्हती. मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि दांडी मनगटाला करकचून बांधली. खुर्चीवर बसवलं आणि समोर उभी राहिले. माझ्या बाहुलीने त्यांच्या बाहुल्याला धपाधप मारलं. बाहुलं पडलं, पडद्यावर दहापर्यंत आकडे आले. मी ते मोठ्याने म्हटले. दिपाली, मला मजा आली. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

मग रोज चार वाजता. शेजारच्या कौसाबाईला बोलवायची, मोतीबाईला बोलवायची. हरले की चहा नाही, असा नियम मी केला, आणि हरायचे ते रोजच. त्यांच्या वाटचा चहा मी त्यांच्यासमोर बशीत ओतून प्यायचे. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, मी पुसायची नाही. कौसाबाई तोंडाला पदर लावून हसायची. "उठा भाऊ, अजून एक डाव शे!" एकदा त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं, घाम आलाय, आणखी एक डाव खेळा म्हणजे निघून जाईल.

वाईट बाई आहे मी, हे तू मनात म्हणून घे. पण एक विचारू? मी फोन नेहमी उजव्या कानाला लावते, हे तू लग्न होऊन आलीस तेव्हाच हेरलं होतंस. डावा कान लहानपणी तापात गेला, असं मी तुला सांगितलं. माझ्या लहानपणी मला साधं पडसंही झालं नाही. नवनीत तीन वर्षांचा होता, वरणात मीठ जास्त पडलं होतं, आणि यांचा उजवा हात तेव्हा धडधाकट होता. कारखान्यातला काट्यावरचा माणूस, उसाच्या गाड्या तोलणारा. त्यांचा हात कधी हलका पडला नाही.

नवनीतच्या ओठावरचा वण सायकलवरून पडल्याचा नाही. आमच्या घरी सायकल आली तो कॉलेजात गेल्यावर.

दिवाळीनंतर लकवा झाला आणि उजवी बाजू गेली, तेव्हा मी दवाखान्यात रडले. सगळ्यांनी मला धरलं. मी कशासाठी रडत होते ते कुणी विचारलं नाही, बरं झालं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं माझं झालं. मी सूड घेत होते आणि तोच व्यायाम होता. तू सांगितलेल्या हळूहळूने तो हात वर्षभर उठला नसता. पण रोज चार बायकांपुढे मार खाणारा माणूस, तो रात्रंदिवस बोटं आवळत बसला. फेब्रुवारीत दांडी चिंधीशिवाय धरता यायला लागली. मला वाटलं, अजून मजा येईल.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ते जिंकले. लाल झग्यातली मी धाडकन पडले, आकडे दहापर्यंत गेले, आणि ते आकडे त्यांनी म्हटले. कौसाबाईने टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही, मलाही आनंद झाला. एवढी वर्षं ज्याचं जेवणखाण केलं त्याचा मेलेला हात जिवंत झाला, बाईच्या जातीला आनंद होतोच. मी पुढे गेले. म्हटलं, आज चहा देते, आलं घालून.

त्यांनी दांडी खाली ठेवली, नीट, मांडीवर. मग थोबाडीत मारली.

डाव्या कानावर बसली. चला, ऐकू येणारा वाचला.

"देखं का? हात चाली ऱ्हायना मन्हा," म्हणाले, आणि चालता झालेला हात वर करून कौसाबाईला दाखवला, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा. कौसाबाई उठली. दाराशी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "जाऊ दे माय, भाऊना हात ते बरा व्हई गया."

तेव्हापासून चार वाजता तेच टीव्ही लावतात. मला उभं करतात. मी जिंकले तरी मार, हरले तरी मार. दांडीने नाही मारत, दांडी मोडेल म्हणून. बायका आता येत नाहीत.

हे सगळं मी गिळलं असतं. इतकी वर्षं गिळलंच की. पण गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आपली भूमिका ओरडली, "आजोबा, मी येते आणि तुम्हाला बॉक्सिंगमध्ये हरवते!" ते खो खो हसले. फोन ठेवला, उजवी मूठ उघडून मिटून बघितली आणि मला म्हणाले, "येऊ दे. तिले बी शिकाडसू."

तेव्हा माझं उत्तर असं. भूमिकाला पाठवू नकोस.

नथ्थूकडे कुरडयांचा डबा आहे, त्याखाली गोधडीत गुंडाळून तो खेळ आहे. दोन्ही दांड्या, वायर, सगळं. यांना मी सांगणार, बिघडला, दुरुस्तीला सुरतेला पाठवला. त्यांचा फोन आला तर तूही तेच सांग. कधी येणार म्हटलं तर सांग, आतला भाग परदेशातून यायचाय. नवनीतला म्हण, आईने अडगळ नको म्हणून पाठवलं. दुरुस्तीला मात्र खरंच कुठे नेऊ नकोस, त्याला काही झालेलं नाही.

डॉक्टर म्हणाले आहेत, व्यायाम सुटला की असा हात दोन-तीन महिन्यांत पुन्हा आखडतो. हे त्यांनी मला घाबरवायला सांगितलं होतं. मी नीट लक्षात ठेवलंय. उद्यापासून मी त्यांना घास भरवणार. कप मी तोंडाला लावणार, शर्टाची गुंडी मी घालणार, अंगावरची माशीसुद्धा मी हाकलणार. त्या हाताला कसलंच काम पडू देणार नाही. तोवर जे काही अंगावर येईल ते येईल, मला सवय आहे. कॉलनी म्हणेल, अनुसयाबाईसारखी सेवा कुणी करावी. डॉक्टर पुन्हा फोटो काढतील.

आणि एक, जे मी सहा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. तुझ्या पहिल्या मंगळागौरीला तुझ्या दंडावर निळे डाग होते. तू म्हणालीस, बांगड्या भरताना झाले. मी खुशाल मान डोलावली. बांगड्या मनगटात भरतात, हे मला माहीत नव्हतं का? नवनीतचा हात कसा आहे, दिपाली? मला नथ्थूकडून दोन ओळी पाठव, नुसतं हो किंवा नाही लिही. हो असेल तर माहेरून परत जाण्याची घाई करू नकोस.

पत्र चुलीत घाल. गॅस असेल तर गॅसवर.

दिवाळीला मात्र भूमिकाला घेऊन ये, मी वाट बघते. आजोबांच्या पाया पडेल तेव्हा तिच्या डोक्यावर हात यायचा नाही, एवढं तिला आधी सांगून ठेव.

तुझी सासू,
सौ. अनुसया