इंगरच्या अंगणातली पवनचक्की

प्रिय आई,

तुले आणि बाबाले दीपमालाचा जयभीम. इथं पोटभर जेवण मिळते, थंडीचे कपडेही पुरतात, म्हणून काळजी करू नको.

या लहानशा डॅनिश बेटावर सारी वीज वाऱ्यापासून बनवतात. तेच शिकाले आली तवापासून मी इंगर नावाच्या म्हातारीकडं राहून राहिली.

सोमवारी मोठं तुफान आलं. अंगणातली तिची लहान पवनचक्की पिसाळल्यासारखी फिरू लागली. इंगर ब्रेक लावाले बाहेर गेली आणि मी तिच्यामागं धावली. तेवढ्यात पातं तुटलं. ते भिंतीवर आदळून तिच्या मांडीत घुसलं. रक्ताची धारच लागली. मी माझी ओढणी जखमेत कोंबली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. ती तिच्या डॅनिश भाषेत ओरडत होती, माझ्या तोंडावर बुक्क्या मारत होती. मी सोडलं नाही. शेजाऱ्यानं बोलावलेलं दवाखान्याचं हेलिकॉप्टर येईपर्यंत तशीच दाबून बसली.

ती वाचली आई. काल तिनं दवाखान्यातून फोन केला. इंग्रजीत म्हणाली, "मी तुले 'सोड, मरू दे मले' म्हणत होती. तुले आमची भाषा येत नाही, ते बरं झालं."

तिच्या मारानं माझा एक डोळा सुजला, म्हणून व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवला नाही. तू रागावली काय? बाबाचा खोकला कसा आहे? धान कापून झालं काय?

हे पत्र लाखनीले पोहोचेपर्यंत सूज उतरून जाईल. मंग मले डोळे भरून पाहजो.

तुझीच,
दीपमाला