शॉनची हिरवी जेली

डब्लिन

ती. आबा,
पाया पडतो. थंडी हाय, पण घर उबदार हाय. म्हैस व्याली काय?

फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहितोय. शनिवारी आमच्या घरी पार्टी होती. जेलीत दारू घालून ती छोट्या कपांत गोठवायची, ते काम माझ्याकडं होतं. माझ्या खोलीतल्या शॉननं तुमच्यासारखीच दारू सोडलीय. त्याच्यासाठी बिनदारूची हिरवी जेली मी वेगळ्या भांड्यात केली.

त्यानं विचारलं, "नक्की?"

"नक्की. मीच केलीय."

मग तो आमच्यातच बसला, पोटभर हसला.

अमरसिंहकाकांच्या मटणाच्या जेवणाला तुम्ही गेला न्हाय, घरात एकटंच जेवला, असं आई म्हणाली. काकांशी बोललोय. पुढच्या खेपेला पंगतीत बाटली नसंल, असा त्यांनी शब्द दिलाय.

जावा की, आबा.

तुमचाच,
शार्दूल