न उघडलेलं पान

प्रिय धाकटे,

पाठकोऱ्या कागदावर लिहितेय म्हणून नाक मुरडू नकोस, चांगला कागद फुकट घालवणं मला जमत नाही. दादाची चिमी मजेत आहे. पळते, पडते, माझ्या जपाच्या वेळी नेमकी मांडीवर येऊन बसते. फक्त डावीकडून हाक मारली की वळत नाही. तिच्या दोन वर्षांच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी हेच हेरलं आणि कानाच्या विभागातून बोलावणं येईल म्हणाल्या. तीन महिने झाले, बोलावणं नाही. परवा मी तुमच्या दवाखान्यात चौकशीला गेले, तर तिथला कारकून म्हणाला, "आजी, पोर ठणठणीत आहे असं लिहिलंय, उगाच दुखणं कशाला शोधता?" मी हटले नाही. डॉक्टरीणबाईंचं तपासणीचं पान आणि कोडचा तक्ता, दोन्ही कागद मागून घेतले आणि ओळीला ओळ लावली. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण वही ताडून बघायची सवय जन्माची. डॉक्टरीणबाईंनी कानाचं स्वच्छ लिहिलंय. ते वाचून तू भरतेस त्या कोडच्या रकान्यात मात्र शेवटी नऊ. तूच शिकवलं होतंस, नऊ म्हणजे काही आढळलं नाही, एक म्हणजे आढळलं, आणि एक पडल्याशिवाय बोलावणं निघत नाही. शेजारी तुझी सही होती.

फोनवर तू आढेवेढे न घेता सांगितलंस, बरं वाटलं. महिनाअखेरीला गठ्ठा साचतो, मग धडधाकट वाटणारी मुलं डॉक्टरांचं पान न उघडताच एकदम नऊ घालून उरकायची. चिमी तर घरचीच, कडेवर खेळवलेली, तिचं पान काय उघडायचं! मग म्हणालीस, ओळखीच्या डॉक्टरांना कान दाखवू, कोड आहे तसाच राहू दे. दादालाही ते पटलं. हवं तर उद्याच दाखवा, मी नको म्हणत नाही. तुझी नोकरी कायम व्हायला दोन महिने उरलेत, हेही जाणते. रोज देवाकडे तेच तर मागत होते. परवापासून ते मागणं तोंडातून निघत नाही.

कारण तूच सांगितलंस, त्या गठ्ठ्यात चाळीस मुलं होती. चिमीला आत्या आहे. बाकीच्या एकोणचाळीस घरांत कुणी बोलावण्याची वाट बघत असेल, तर त्यांनी कुणाला फोन करायचा?

म्हणून हे लिहितेय. त्या गठ्ठ्यातली सगळी पानं पुन्हा उघडावीत, असा अर्ज मी तयार केलाय. सोमवारी दहाला तुमच्या मोठ्या बाई येतात, तेव्हा मी त्यांच्या दारात असेन. तू नऊलाच कामावर असतेस. गठ्ठा काढ, पानं उघड, आणि मी पोचायच्या आत त्यांना स्वतः सांग. तसं झालं तर अर्ज मी पिशवीतच ठेवीन. नाही झालं तर देईन, आणि खाली तुझी आई म्हणूनच सही करीन.

तुझीच,
आई