चौथ्या टाकीचा वास

मु. पो. नामपूर, ता. बागलाण
दि. ४ मार्च २०२५

सौ. लंकाताईंना,

नामपूरहून नवसाबाईचा नमस्कार पोचावा. तुमच्याकडे द्राक्षं उतरवायची घाई चालू असेल, घरात कोणाला टेकायला वेळ नसेल, तरी हे पत्र सवडीने पण शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडे उन्हाळ कांदा पोसतो आहे, महिनाभरात काढणीला येईल. आमचे मालक बरे आहेत. गुडघा दुखतो, पण बांधावर गेल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही.

खालचं नाव वाचून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. पडू द्या. दीड वर्षापूर्वी माझ्या ओमसाठी तुमच्या स्नेहलचं स्थळ आलं होतं, तेव्हा आपण फोनवर एकदाच बोललो होतो. ते जमलं नाही. त्याबद्दल लिहीनच, पण आधी परवाच्या शनिवार-रविवारची हकिकत सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी भाची पल्लवी नाशिकला बँकेत आहे. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दोन दिवसांचा बेत केला होता. मोठमोठ्या, बसगाड्या लागतात त्या वायनरी सोडून, शेतकऱ्यांनी आपल्या मळ्यात काढलेल्या छोट्या छोट्या वायनरी बघायच्या. मला म्हणाली, आत्या, तूही चल. मी आणि वायनरी! आमच्या घरात औषधाच्या बाटलीकडेही मी संशयाने बघते. पण गेले.

पहिली वायनरी दिंडोरीच्या बाजूला, दोघा भावांची. पत्र्याची शेड, पुढे चिकूचं झाड, झाडाखाली टेबल. थोरला भाऊ म्हणाला, वर्षाला फक्त सहा हजार बाटल्या करतो, आणि प्रत्येक बाटलीवरचा कागद आमची आई हाताने चिकटवते. ती आईसुद्धा तिथेच खुर्चीवर बसली होती, डोक्यावरचा पदर सावरत, कोण किती घोट घेतं ते बघत. पोरींनी ग्लास घेतले, मी मोसंबीचा रस. भाऊ म्हणाला, "मावशी, पिऊ नका, नुसता वास तर घ्या. काय येतं सांगा." मी नाक नेलं आणि म्हटलं, "पेरू. पिकलेला. काल कापून ठेवलेला." तो माणूस उडालाच. म्हणे शहरातून येणाऱ्या चांगल्या चांगल्या पाहुण्यांना हे सांगता येत नाही.

आता हे तुम्हाला बढाई वाटेल, आणि आहेच. आमच्या चाळीत हजार-बाराशे क्विंटल कांदा भरलेला असतो. रोज सकाळी मी चाळीच्या कडेकडेने चालते आणि सांगते, इथे, हातभर आत, एक बिघडलाय. मालक हात घालतात आणि तेवढाच कांदा बाहेर येतो. एक सडका राहिला की आठ दिवसांत आजूबाजूचे सगळे जातात, म्हणून हे नाक आमच्या घराला फार उपयोगाचं. नामपूरच्या बाजारात मला ओळखतात ते त्याच्यामुळे. बाकी माझ्यात ओळखण्यासारखं काही नाही, जीभ सोडली तर.

दुपारी आणखी एक वायनरी झाली, एका निवृत्त इंजिनिअरची. तिथे मी दोन ग्लासांतून भिजलेली माती आणि काळी मिरी ओळखली, आणि माझा ताठा वाढत गेला. रात्री मळ्यातल्याच एका खोलीत मुक्काम होता. संध्याकाळी पोरी ओट्यावर पाय पसरून बसल्या, मी शेंगा सोलत बसले. समोर तारेवर चढलेल्या वेलींच्या ओळी, लांबवर कोणाचा तरी पंप चालू. कोणी चहा मागत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. इतकी निवांत मी लग्नानंतर बसल्याचं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी तिसरी वायनरी. ती कोणती, हे तुम्हाला सांगायला नको. तुमची स्नेहल तिथे वाइन करते.

तुम्ही म्हणाल, योगायोग. लंकाताई, योगायोग कसला! सहलीची यादी मी पल्लवीकडून करून घेतली होती. पहिल्या दोन वायनरी पोरींसाठी होत्या, तिसरी माझ्यासाठी. ती "आत्या, चल" म्हणाली हे खरं, पण तिने म्हणावं म्हणून मी महिनाभर तिच्या मागे होते. ओम दीड वर्ष दुसरी मुलगी बघायला तयार नाही. सात स्थळं आली, सातांनाही पाहुणे घरी यायच्या आधीच तो नाही म्हणाला. तुमच्या मुलीशी तो फोनवर दोनदा काय बोलला होता देव जाणे. मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, की ह्या मुलीत असं आहे तरी काय. खरं सांगायचं तर मी खोट काढायलाच गेले होते.

आम्ही दहा-बारा पाहुणे होतो. वायनरीचे मालक स्वतः सगळं दाखवत होते. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना नळ. शेवटी त्यांनी चौथ्या टाकीतून थोडी थोडी लाल वाइन ग्लासात दिली. म्हणाले, ही अजून तयार व्हायची आहे, पण आमची सगळ्यात भारी हीच होणार. सगळे वाहवा करायला लागले. मी ग्लास नाकाशी नेला आणि माझ्या तोंडून आमची बोली निघून गेली, "अय माय, हाऊ ते सडेल कांदाना वास शे!"

सगळे हसले. पल्लवीने माझा पदर ओढला. मालक म्हणाले, "काकू, तुम्हाला सवय नाही ना, म्हणून तसं वाटतं." एक टोपीवाला पाहुणा म्हणाला, "आजी, ही वाइन आहे, भेळ नाही." मी गप्प बसणाऱ्यातली नाही, पण तेवढ्यात टाक्यांच्या मागून गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक मुलगी आली. स्थळाबरोबर आलेल्या फोटोतली, तुमची स्नेहल. तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, हुंगला, डोळे मिटून पुन्हा हुंगला. मग स्वयंपाकाच्या बाईला हाक मारून तिचं पाणी प्यायचं तांब्याचं फुलपात्र मागवलं. अर्धी वाइन त्यात ओतली, चांगली हलवली, थोडा वेळ थांबली आणि ते माझ्यापुढे धरलं. "आता बघा, काकू." मी बघितलं. कांदा गेला होता! नुसता जांभळाचा वास.

तिने मालकांसमोर, पाहुण्यांसमोर सांगितलं, "काकू बरोबर बोलल्या. चौथी टाकी बिघडायला लागली आहे. तांब्याने वास जातो, म्हणजे दोष तोच. अगदी थोडा आहे, म्हणून कोणाला कळला नाही. मलाही नाही. टाकी माझ्याकडे आहे, चूक माझी आहे. आज कळलं म्हणून वाचेल, पंधरा दिवसांनी कळलं असतं तर ओतून द्यावी लागली असती."

मालकांचा चेहरा पडला. तिचा नाही पडला. ताई, ती तेव्हा नुसतं हसली असती आणि "काकूंना सवय नाही" एवढंच म्हणाली असती, तर कोणाला काही कळलं नसतं. टाकी मागाहून गुपचूप दुरुस्त करता आली असती. कोणी बोट दाखवायच्या आत आपली चूक चारचौघांत आपल्या तोंडाने सांगणारं माणूस मी आमच्या घराण्यात बघितलेलं नाही. माझ्यासकट.

मग ती मला हाताला धरून सगळ्या टाक्यांपाशी घेऊन गेली. अकरा टाक्या. मी वास घ्यायचा, तिने वहीत लिहायचं. सातव्या टाकीपाशी मी विचारलं, "बाई, दिवसभर हे पिऊन तुला काम कसं सुधरतं?" ती हसायला लागली. म्हणाली, "काकू, आम्ही गिळत नाही. तोंडात घोळवायची आणि थुंकायची. चार वर्षं झाली, कामावर एक घोट पोटात गेला नाही." मलाही शिकवलं. मीसुद्धा एक घोट घोळवला आणि थुंकला, आणि पल्लवीने त्याचा फोटो काढला. तो फोटो आमच्या घरच्या मालकांना दिसू नये एवढीच देवाकडे प्रार्थना.

शेवटी म्हणाली, "काकू, नोकरी करता का इथे? असं नाक मला शिकूनही येणार नाही." माझी छाती फुगली. मग तिने विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" मी म्हटलं, सटाण्याकडचं. नामपूर म्हणायला माझी जीभ वळली नाही.

का वळली नाही, ते आता लिहिते.

दुपारी पिठलं-भाकरी होती. वाढणारी तीच फुलपात्रवाली झुंबरबाई. मी स्नेहलचं कौतुक करत होते, तर ती माझ्यापाशी बसून हळूच म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय, पर नशीब बघा. तिकडं नामपूरच्या कुण्या बाईनं सांगितलं, पोरीला कडक मंगळ हाय म्हून. एका तोंडाचं चार तोंडात गेलं. पुढची दोन ठिकाणं जमत आल्याली, ती बी उठली. आई बिचारी अमळनेरला जाऊन मंगळाची शांत करून आली. पोरगी काय बोलत नाय, पर मला कळतं."



ताई, ती नामपूरची बाई मी. आणि तुमच्या मुलीला मंगळ आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्ही मध्यस्थाकडून हळदीकुंकवाची बोटं लावून पत्रिकेचं पाकीट पाठवलं होतं, ते मी उघडलंच नाही. कोणत्याही गुरुजींना दाखवलं नाही. ते ह्या पत्रासोबत परत पाठवते आहे, गोंद तसाच आहे, बघा. मुलगी वाइनच्या कारखान्यात आहे एवढं ऐकलं आणि मी मनात नाही म्हणून टाकलं. सोयरे हसतील, भावकी म्हणेल नवसाबाईने दारूवाली सून आणली, ह्याची भीती. पण तसं तोंडावर म्हणायला धीर लागतो. पत्रिका जुळत नाही म्हटलं की कोणी दुखावत नाही, असं आपल्याकडे सगळेच करतात, म्हणून मीही केलं. वर तुम्ही "काय जुळत नाही" असं विचारलंत, तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून कडक मंगळ सांगितला. ओमलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, मला चालतो मंगळ, तर मी त्याला बापाच्या जिवाची भीती घातली.

माझ्या दृष्टीने ते एक वाक्य होतं, फोन ठेवला की संपलं. ते तुमच्या मुलीच्या मागे दीड वर्ष फिरतंय, हे मला त्या पिठल्याच्या ताटावर कळलं. मला फार शरम वाटली. आणि ज्या मुलीच्या बाबतीत मी असं वागले, तिचा मला दिवसभर अभिमान वाटत होता, कसलाही हक्क नसताना. अजून वाटतो. परवापासून मी गावात जिला भेटेल तिला सांगते, निफाडकडची एक मुलगी आहे, तिने काय केलं ऐका.

काल मी ओमला आणि त्याच्या वडिलांना सगळं खरं सांगितलं. ओम एवढंच म्हणाला, "आई, आधी त्यांना लिहून दे. माझं नंतर बघू." मला वाटलं होतं तो चिडेल, ओरडेल. त्यापेक्षा हे जड गेलं.

म्हणून हे पत्र. फोनवर बोललेलं उद्या मी नाकारू शकते, हे मला नाकारता येणार नाही. तुमच्या भावकीत वाचून दाखवा. मध्यस्थाला दाखवा. जी दोन स्थळं उठून गेली त्यांच्या घरी पाठवा, खुशाल झेरॉक्स काढून वाटा. त्यातलं एखादं स्थळ परत आलं आणि स्नेहलला पसंत पडलं, तर माझ्या ओमचं नुकसान होईल. होऊ दे. तो माणूस म्हणून चांगला आहे, सोसेल.

आणि समजा तसं काही झालं नाही, आणि हे सगळं वाचूनही स्नेहलला ओमशी बोलावंसं वाटलं, तर तिने त्याला फोन करावा. मी मागणी घालत नाही, ते तोंड मला राहिलेलं नाही. ती नाही म्हणाली तर कारण विचारणार नाही. हो म्हणाली तर लग्नात आणि लग्नानंतर, कोणी विचारलं सून काय करते, तर मी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात सांगेन, वाइन करते.

स्नेहलला हे पत्र सगळ्यांच्या आधी वाचायला द्या. सटाण्याकडच्या काकू कोण होत्या ते तिला कळू दे. घरातल्या सगळ्यांना नमस्कार. पत्राच्या शेवटी बायका नुसतं "तुमची" लिहून मोकळ्या होतात. हे चार लोकांना दाखवायचं पत्र आहे, म्हणून सही पूर्ण नावाने करते.

तुमच्या मुलीच्या पत्रिकेबद्दल खोटं बोललेली,
सौ. नवसाबाई फकिरा देवरे
नामपूर