तिलापियाचं मिटलेलं तोंड

मेहकर, सोमवार, ७ ऑगस्ट १९६७

काचेच्या टाकीत तिलापिया माशांची जोडी एकत्र ठेवली हेच चुकलं, असं बरेच दिवस वाटत होतं. नर सारखा मादीच्या अंगावर धावायचा. तिने खाणं सोडलेलं, तोंड घट्ट मिटून कोपऱ्यात उभी. मरेल का ही? याच्याबरोबर कुणी राहू तरी शकेल का?

आज शाळेतून आल्यावर नराला अंगणातल्या हौदात सोडलं. मग आजारी समजून मादीलाही काढावं म्हणून टाकीत हात घातला, तोच बायको, कुसुम, ओरडली, "थांबा! तिच्याजवळ काय हालून राह्यलं, पाहा तं!"

गव्हाच्या दाण्याएवढी पिल्लं! माझा हात दिसताच सगळी आईकडे धावली. तिने ते मिटलेलं तोंड उघडलं आणि थवाच्या थवा आत गेला. गिळली? हात काढून आम्ही दोघं काचेशी वाकून पाहत राहिलो. थोड्या वेळाने तिने तोंड उघडलं, आणि एकेक पिल्लू जिवंत बाहेर.

"तोंडात लेकरं असल्यावर खाईन कशी ते?" कुसुम हळूच म्हणाली.

दिवेलागण होऊन गेली, तरी कुसुम दिवा लावू देत नाही. पिल्लं दचकतील म्हणते. हे उंबऱ्यावर बसून, उरल्यासुरल्या उजेडात लिहितोय.