आबा झोपले, असं सांगितलं

अहो पल्लवीचे आबा,

‘प्रिय’ लिहू नोको, म्हटलं पोरीले. पन्नास वर्षं संसार केला, कधी म्हटलं नाई. आता मेल्यावर काऊन लाड?

मले लिहिता येत नाई हे तुम्हाले ठाऊकच. लिहून राह्यली ती आपली नात पल्लवीच. चार महिन्यांनी घरी आली, येऊन तीन दिवस झाले, पण माह्याशी एक शब्द बोलली नाई. वाढलं तर ताट घेते, मान खाली. परवापासून तिच्या संघाचा सराव सुरू होणार, अन् हिनं आपल्या आईले सांगतलं, आता मी जात नाई. बूट धुतले, पिशवीत बांधले अन् माळ्यावर फेकले. म्हणून आज मी म्हटलं, माह्याशी नोको बोलू, पण आबाले चिठ्ठी पाठवायची आहे, तेवढी लिहून दे. तुमच्या नावाले तिच्यानं नाई म्हणवत नाई. बसली वही घेऊन. आता सारं ऐकाच लागते तिले.

सुरुवात तुमच्यापासूनच करते. तुम्ही विहिरी खोदणारे; साऱ्या दुनियेचं माप तुमच्या कोपरापासून बोटापर्यंत. शाळेच्या सरांनी सांगतलं, घरी बास्केटबॉलची रिंग लावा, दहा फुटांवर. तुम्ही जुन्या मोटेचं लोखंडी कडं काढलं अन् अंगणातल्या चिंचेवर दहा हात मोजून ठोकलं! मी म्हटलं, एवढ्या वर माकडही चेंडू टाकणार नाई. तुम्ही म्हणाले, फूट शाळेत, घरी हात. दीडपट उंच कडं, अन् त्याच्याखाली पोरगी दोन वर्षं मान वर करून चेंडू फेकत राह्यली. सर एक दिवस घरी आले, पाहून हसत सुटले. तुम्ही नाई हसले. कडं खालीही नाई आणलं.

तसा त्याच्यानंच तिचा चेंडू आभाळाले शिवून येते. तालुक्यात, जिल्ह्यात, मग राज्यात तिचं नाव झालं ते त्याच उंच चेंडूनं. मोठ्या संघानं करार केला. खेळायचा पगार! दाढी वाढली नसली तरी तुम्ही न्हाव्याकडे जाऊन बसत, साऱ्या आंजी गावाले सांगायले.

अन् त्याच चेंडूनं तिले बाकावर बसवलं. तिथल्या कोचनं म्हटलं, चेंडू लई वर जाते, पोचेपर्यंत उशीर होते, फेकायची ढब बदल. दहा वर्षं घोटलेला हात असा बदलते का? तोवर बस म्हणे. हे तुम्हाले माहीत नव्हतं, मलेही नाई. आपल्याले वाटलं, संघात नाव आलं म्हणजे खेळतेच. आपल्या गावच्या कबड्डीत सात माणसं मुश्किलीनं जमतात; त्यातलं कोणी बसून राह्यलेलं कधी पाह्यलं आपण?

तिनं काऊन नाई सांगतलं? तुमचं न्हाव्याकडचं बसणं बंद होईल म्हणून. हे मले सुनेकडून कळलं, तेही नंतर. लपवायची कला तुमच्याच घराण्याची, माह्या माहेरची नाई.

तुम्हीही तेच केलं. आदल्या दिवशी दम लागला होता, तरी माह्या हाताले धरून म्हणाले, “पोरीले सांगू नोको. तिचा पयला सामना हाये. खेळून घेऊ दे तिले.” अन् पहाटे निघून गेले. सोपं काम तुम्ही केलं, अवघड मले ठेवलं.

दुपारी तिचा फोन आला. अंगणात तिरडी बांधत होते. तिनं विचारलं, “आबा कसे हाये?”

मी म्हटलं, “झोपले.”

“उठवू नोको,” म्हणाली.

नाई उठवलं.

तुम्हाले पोचवून माणसं परत आली, आंघोळी झाल्या. घरात चूल पेटलेली नाई, अन् मी सुनेले म्हटलं, मोबाइलवर सामना लाव. तुमच्या बहिणीनं तोंडाले पदर लावला, वयनीचं डोकं फिरलं म्हणाली. म्हणू दे. मी पाहत राह्यली. पल्लवी कुठं? तर बाकावर, खांद्यावर टॉवेल, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवून राह्यली. मले वाटलं, आता उठंल. मग उठंल. सामना संपला. ती उठली ते पाण्याच्या बाटल्या गोळा करायले!

त्याच्यासाठी मी तिच्यापासून तुमचं मरण लपवलं, आबा. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा राख तेवढी गरम होती. तिनं मले एवढंच म्हटलं, “आजी, मी तं बसूनच होती.” मग तोंड बंद केलं ते आजपर्यंत.

तुमचा राग येते मले. पोरीचा राग तुमच्या वाट्याचा, अन् झेलून राह्यली मी. तुम्हाले शेवटचं वचन दिलं होतं, ते पाळलं, अन् चूक केली. आता दुसरं वचन देते, ते तिच्यासमोर. माह्या वेळी मी कोणाचं ऐकणार नाई. माह्या जीवाले जड वाटलं की पहिला फोन पल्लवीले. सामना असो नाई तर काही असो.

इथं पेन थांबला. पोरगी वहीतच पाहत म्हणाली, “अन् तेव्हा मी खरंच खेळत असली तं?”

चार महिन्यांनी बोलली, तेही आडवंच.

मी म्हटलं, “बाकावर असली तं तशीच उठून येजो. खेळत असली तं खेळून येजो. मी थांबते.”

हे तिनं लिहिलं की नाई, मले वाचता येत नाई. पण नाक ओढत ओढत काहीतरी लिहिते आहे.

तुम्ही नाई थांबले, आबा. मी थांबीन.

आता आटोपते. बूट माळ्यावरून काढून उन्हात टाका लागतात. येडीनं ओलेच बांधले.

अक्षर तुमच्या नातीचं, अंगठा माहा,
तुमची घरधनीण