पाठीवरचं नाव

९ मार्च, रविवार

तीन तास बोलून घसा बसला! नामदेवदादांना अजून वाटतं की फेसबुक म्हणजे लग्नाचा अल्बम — सगळे फोटो एकदम चिकटवायचे आणि झाकून ठेवायचे. केशरबाईंना मी 'लाइक' शिकवलं, तर त्या प्रत्येकाला फोन करून सांगायला लागल्या, फोटो छान आलाय हो तुमचा. आधी चिडले. मग हसूच आलं.

मैत्री सेवा संघ, तुर्भे. पत्र्याची एक खोली, एक कपाट आणि माझ्या जन्माआधीपासूनचं काम. कुणाला रक्त हवं, कुणाला दवाखान्यात सोबत हवी, कुणाच्या मयताला चार माणसं कमी पडतात — ही मंडळी हजर. आणि वस्तीबाहेर कुणाला पत्ताच नाही! मी दिवसभर महापेच्या ऑफिसात बसून बिल्डरांची आणि बिस्किटवाल्यांची पेजेस चालवते. मग आपल्याच माणसांचं का नको? म्हणून हे रविवारचे क्लास.

दादा अध्यक्ष आहेत, त्यांना पटत नाही. "क्रांती, आपण काम करतो, बोंबलत नाही." मी म्हटलं, दादा, हल्ली बोंबललं नाही तर काम केलंच नाही असं धरतात. जिंकले मी.

खोली सांभाळणाऱ्या सदूने चहा दोनदा दिला. शहाणा आहे, न सांगता कळतं त्याला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पाय दुखतायत पण काय फोटो आलेत!

टी-शर्टची आयडिया माझी. सगळ्यांना एकच निळा, पाठीवर मोठ्या अक्षरांत संघाचं नाव आणि खाली पेजचं. नाहीतर आमची गर्दी फोटोत गर्दीसारखी दिसतच नाही. वस्तीतल्या एकूण एक म्हाताऱ्यांना वाटले. मारोतीबाबांनी तर आधीच्या सदऱ्यावरच चढवला. जन्मभर मार्केटात हमाली केली, आता डोकं साथ देत नाही, स्वतःची गल्ली विसरतात. पण मांडवाचा टेम्पो मागे यायला लागला तर हे बरोब्बर त्याच्यामागे! पत्र्यावर थापा मारत — येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स! ड्रायव्हरपण हसला. त्यांच्या बायको रखमाआजी म्हणाल्या, "झोपेत बी हेच. भितीला थापा मारत्यात."

ग्रुप फोटोच्या वेळी सदू खुर्च्या उचलून मधूनच चालला होता. ओरडले त्याला — सदू, फ्रेममध्ये येतोयस, बाजूला हो. झाला बाजूला. त्यानेही टी-शर्ट घातला होता.

१८ मे, रविवार

मारोतीबाबा हरवले. शुक्रवारी दुपारी घरातून निघाले ते निघालेच. अंगात निळा टी-शर्ट.

पोस्ट केली. जयंतीतला हसरा फोटो, खाली संघाचा नंबर. तो फोन माझ्याकडेच असतो, म्हणजे नंबर माझाच म्हणा. मुलगा संघर्ष रिक्षा घेऊन कोपरखैरणे, वाशी, पार बेलापूरपर्यंत फिरतोय. रखमाआजी दारात बसून आहेत.

२० मे, मंगळवार

पोस्ट पळतेय! पुणे, नगर, सुरत! अनोळखी लोक शेअर करतायत. दादा पहिल्यांदा म्हणाले, "तुझं ते यंत्र कामाचं दिसतंय." इतक्या वाईट वेळी मला बरं वाटलं, लपवत कशाला.

शोधाची पोस्टर लावायचं सामान संघाच्या खोलीत आणि खोलीला कुलूप. किल्ली सदूकडे आणि सदू दोन-तीन दिवस फिरकलेला नाही. दादा म्हणाले लगीनसराई आहे, गावाला गेला असेल. कुठलं गाव? विचारलं की 'तिकडचा' म्हणायचा. कुलूप दणकट, शेवटी वेल्डिंगवाल्याने कोयंडाच कापला. कुलूप तसंच बंद, कोयंड्याच्या तुकड्यासकट कपाटावर टाकलं. सांगून जायला काय होतं माणसाला! चहा पण नाही.

२७ मे, मंगळवार

खाडीत सापडले.

बरेच दिवस पाण्यात होते. संघर्षला चेहरा दाखवलाच नाही, दाखवण्यासारखं काही नव्हतं म्हणे. अंगात टी-शर्ट. त्याने पाठीवरचं नाव वाचलं आणि मान हलवली. उंचीही तेवढीच. संध्याकाळी अग्नी दिला. त्रिसरण म्हणताना त्याचा आवाज फुटला.

रखमाआजी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तसला कपडा समद्या वस्तीला हाय." बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. खिशात एक किल्ली निघाली होती, ती मुठीत धरून बसल्या — "ही आमची न्हाई. आमच्या दाराला कडी असती." संघर्ष म्हणाला, आई, बाबा रस्त्यातलं कायपण उचलायचे. तेही खरंच. मीसुद्धा त्यांना धरून आत नेलं.

३० मे, शुक्रवार

'मारोतीबाबा आपल्यात नाहीत, शोधणाऱ्या सर्वांचे आभार' — टाकलं. एकोणीस हात जोडलेले. बस. 'हरवले' हजारोंनी शेअर केलं, 'गेले' कुणालाच नको आहे.

८ जून, रविवार

सकाळी फोन. "मॅडम, तुमचे बाबा इथं बस स्टँडवर बसलेत. धुळ्याला." सांगितलं की ते वारले. पलीकडे राग — मग पोस्ट काढा ना! कशाला लोकांना पळवता?

काढली होती हो! माझी कधीच काढली. पण लोकांनी उतरवून घेतलीय, परत परत टाकतायत. एकाने मागे रडकं संगीत लावलंय आणि कुणीतरी बाई घोगऱ्या आवाजात बोलते, 'कोणाचे तरी वडील आहेत...' तो व्हिडिओ आज मलाच आला. माझाच मजकूर, माझीच एक चूक त्यात — 'तुर्भे'च्या आधीचा स्वल्पविराम.

संध्याकाळी आणखी दोन. अकलूज. वापी.

२२ जून, रविवार

रखमाआजींना या फोनचं कळलं. संघाच्या खोलीत आल्या, बाकी कुणाशी बोलल्या नाहीत. "कुटं दिसले आज?" मी म्हटलं, आजी, लोकांना चुकीचं दिसतं. "ते ऱ्हाऊ दे. कुटं दिसले?"

सांगितलं, कोल्हापुरात. त्या म्हणाल्या, कोल्हापूर बघायचं होतं त्यांना. आणि उठून गेल्या. मी काय केलं हे? सांगायलाच नको होतं.

आता रोज विचारतात. बांगड्या हातात तशाच. मयतानंतरच्या जलदानविधीलाही बसल्या नव्हत्या.

१३ जुलै, रविवार

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते.

मेलेला माणूस रोज नव्या गावात दिसतो आणि ते मला कळवलं जातं. रिंगटोन बदलून पाहिली, उपयोग नाही, आता तीही दचकवते. तुर्भ्यात तर जिकडे बघावं तिकडे निळा टी-शर्ट — रिक्षाच्या रांगेत, भाजीच्या गाड्यामागे, गॅरेजात. सगळे पाठमोरे. मीच वाटले ना! काल स्टेशनबाहेर एकाच्या पुढे धावत जाऊन तोंड पाहिलं. तो म्हणाला, काय ताई? लाज वाटली. तरी घरी, घणसोलीत उतरेपर्यंत प्रत्येक निळी पाठ न्याहाळत होते.

आई म्हणते फोन दुसऱ्या कुणाला तरी दे. कुणाला देऊ? दादांना फोन उचलता येतो तर ठेवता येत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

मीटिंग. महिनाअखेर नंबर बंद करायचा, पेजही थोडे दिवस झाकायचं — ठरलं. मी विरोध केला नाही.

संघर्ष आला होता. बारीक झालाय. सगळ्यांसमोर शांतपणे बोलला, "ताई, मी माझ्या हातानं अग्नी दिला. तुमच्या फोनमुळं रोज परत जिवंत होत्यात ते. आई मला रडूबी देत नाही." केशरबाईंनी डोळे पुसले. नव्या बाईने चहा आणला, कुणी घेतला नाही.

मी घणसोलीला पोचते तर रखमाआजी दारात! एकट्या, बस विचारत विचारत आलेल्या. गावठाणातल्या या बोळात माझी खोली मलाच कधी सापडत नाही. पाणीही घेतलं नाही. "बंद करू नगंस, लेकरा. येईना का खोटा फोन. त्यातला एक खरा आसंल." मी त्यांना समजावलं, मोठ्या शहाणपणाने समजावलं — आजी, बाबा गेलेत, मान्य करा, संघर्षकडे बघा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू बघितलंस का त्यांचं तोंड?"

नाही. कुणीच नाही बघितलं.

महिनाअखेरपर्यंत चालू ठेवते, म्हटलं. त्यापुढे नाही. बसमध्ये बसवून आले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फोन नाही. आठवडा झाला. विसरले लोक. सुटले म्हणावं तर सुटल्यासारखं वाटत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पहिल्यापासून लिहिते.

दुपारी ऑफिसात होते. संगमनेरच्या पुढे हायवेवर धाबा आहे, तिथली बाई. नेहमीसारखं 'ते वारले' म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली पोस्टबिस्ट काही बघितली नाही. मे महिन्यात एक म्हातारा कांद्याच्या रिकाम्या गाडीतून उतरला, तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे. झाडतो, पाणी भरतो. नाव सांगत नाही. घरच्यांनी सोडून दिला असेल असं त्यांनी धरलं. आता लेक माहेरपणाला आली, तिने त्याचा शर्ट वाळत घालताना पाठीवरचं पुसट नाव वाचलं आणि मोबाइलवर आमचं पेज शोधलं.

मी म्हटलं, बाई, असे शर्ट खूप जणांकडे आहेत. आणि म्हणतानाच रखमाआजींचं बोलणं आठवलं.

ती म्हणाली, "आसतील. पर गाडी मागं घ्यायला लागली का हे बाबा पळत जात्यात. थापा मारत्यात. येऊ दे, येऊ दे."

हे मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. कुठेच लिहिलं नव्हतं.

रिक्षाने तुर्भे. संघर्ष घरी. व्हिडिओ कॉल लावला. आधी छत दिसलं, मग खाट, मग ते. दाढी वाढलेली, पांढरी. संघर्ष भिंतीला टेकून खालीच बसला. रखमाआजींनी फोन दोन्ही हातांत धरला आणि अगदी रोजच्यासारखं विचारलं —

"जेवलाव का?"

ते म्हणाले, "भाकर कडक हाय इथली."

मी बाहेर येऊन रडले. मोठ्याने.

३१ ऑगस्ट, रविवार

आणले. वस्तीने वाजतगाजत आणले. दादांनी पेढे वाटले आणि मला सगळ्यांसमोर म्हणाले, टाक, पोस्ट टाक — आपल्या पेजमुळे माणूस सापडला! टाकली. फोन तापलाय एवढे लाइक. नंबर आता बंद करायचा नाही म्हणे, दुसराही घ्यायचा.

गर्दीत संघर्ष माझ्याजवळ आला. हसत होता आणि चेहरा मात्र राखेसारखा. हळूच म्हणाला, "ताई, मग मी कुणाला जाळलं?"

तो उद्या पोलिसांकडे जाणार आहे, मीही जाईन. आमच्या टी-शर्टातला एक माणूस. साडेतीन महिने झाले आणि तो हरवलाय असं सांगायला कुणी आलंच नाही आमच्याकडे — एवढ्या गाजलेल्या पेजवर!

निघताना रखमाआजींनी हाक मारली. बाबांना भरवत होत्या. लुगड्याच्या गाठीतून ती किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली.

"ज्याची हाय त्याला दे."

बसमध्ये किल्ली हातात घेऊन बसले होते. पितळी, दांड्याला लाल सुतळीचा तुकडा. कुठेतरी पाहिलीय. ही सुतळी मी पाहिलीय. चहाच्या ट्रेसोबत.

१ सप्टेंबर, सोमवार

पोलिसांकडे जायच्या आधी संघाच्या खोलीत गेले. कपाटावरचं कुलूप काढलं, कोयंड्याचा तुकडा अजून लटकतोय. किल्ली घातली. फिरली.

सदू.

पोलिसांना त्याचा फोटो हवाय. पेजवरचे सगळे पाहिले, मीच काढलेले, शेकड्याने. एकाच फोटोत आहे. खुर्च्या घेऊन बाजूला जाताना, पाठमोरा. पाठीवर आमचं नाव.